गोजरबाईने दिलेला शब्द

गोजरबाई मरेल तेव्हा तिचा मुलगा तिच्यापासून अर्ध्या कोसावर, मिलच्या टाइम ऑफिसात हजेरी मांडत बसलेला असेल आणि त्याला त्यातलं काही कळणार नाही. हा विचार अनसूयाबाईंच्या मनातून काही केल्या जात नव्हता. शाळेत वर्गावर उभ्या असल्या तरी तो असे, घरी मुलीची वेणी घालताना असे. एकदा तर वेणी घालता घालता हात तसाच थांबला. मुलगी म्हणाली, "आई, दुसरा पेड कधी घेणार?" तेव्हा त्या भानावर आल्या.

गोजरबाई तीन आठवड्यांपासून मिशनच्या दवाखान्यात पडून होती. पोटात गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. व्हरांड्यात येऊन अनसूयाबाईंना म्हणाल्या, "आठ दिवस. फार तर दहा." त्यालाही आता तीन दिवस होऊन गेले होते.

तिला मुलगा आहे हे साऱ्या सोलापुरात अनसूयाबाईंखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं. खुद्द मुलालाही नव्हतं. त्याची आई मानमोडीत गेली, असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं होतं.

मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ आली ते एकोणीसशे अठरा साल. गोजरबाई तेव्हा कुंभारीला नांदत होती. घरी थोडी जमीन, नवरा, तीन वर्षांचा रावजी, आणि शेजारच्याच सोप्यात धाकटा दीर जोतीराम आणि जाऊ. नवरा दोन दिवसांत गेला. तिसऱ्या दिवशी तिलाच ताप चढला. जोतीरामने तिला गाडीत घालून सोलापूरला आणलं आणि मिशनच्या दवाखान्याने साथीच्या रोग्यांसाठी मांडव घातला होता तिथं ठेवलं. पोर त्याने घरी आपल्या बायकोजवळ राखलं. त्या दिवसांत कोणाही शहाण्या माणसाने याहून वेगळं केलं नसतं.

शुद्धीवर आली तेव्हा एक अनोळखी बाई तिचं अंग पुसत होती. सावित्रम्मा तिचं नाव. विणकरांच्या घरातली तेलुगू विधवा, ख्रिस्ती झालेली, मांडवात रोग्यांचं उष्टं-खरकटं आणि घाण काढायला होती. तिचं मराठी मोडकं होतं, पण हात चांगले होते. गोजरबाईला हुडहुडी भरली की ती स्वतःची वाकळ काढून तिच्या अंगावर घाली आणि आपण पोत्यावर बसून राही. बारा दिवस असं चाललं.

अंगात जरा बळ आल्यावर गोजरबाईने तिला विचारलं, "तू माजी कोण गं?"

"कोन नाही."

"मग एवडं का करती?"

सावित्रम्मा हसली. "माझं आधी त्यानं केला," ती म्हणाली. तो म्हणजे कोण, ते तिला मराठीत नीट सांगता येईना. तिने गळ्यातला लहानसा क्रूस दाखवला आणि पुन्हा भांडी घासायला गेली.

दिवाळीनंतर सावित्रम्माच तापाने पडली. गोजरबाई तोवर उठून बसायला लागली होती. तिने सावित्रम्माला आपल्या मांडीवर घेतलं आणि तिथेच ती गेली. गोजरबाईने ही गोष्ट पुढे कित्येक वेळा सांगितली, पण शेवट कधी रंगवून सांगितला नाही. "गेली मग ती," एवढंच म्हणायची.

गोजरबाई कुंभारीला परत गेली ती आठवडाभरासाठीच. मग रावजीला जावेपाशी ठेवून ती सावित्रम्माच्या जागी दवाखान्यात कामाला लागली. दर बाजाराच्या दिवशी गावी जाऊन पोराला पाहून येई. दीड वर्षाने तिने बाप्तिस्मा मागितला. चर्चच्या पाळकांनी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, "ती बाई कुनाचं बगून तसं करत हुती, त्येला बगायचंय मला."

बाप्तिस्म्याचा वर्ग तेव्हा अनसूयाबाई घेत. वय तेवीस, नुकत्या बी. ए. होऊन मुलींच्या शाळेत शिक्षिका झालेल्या, वडील पाळक. सगळं शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं आणि शिकवण्याची हौसही होती. वर्गात सहा बायका. पाच जणी ऐकत, मान डोलावत आणि घरी जात. गोजरबाईला अक्षर वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती एकेक गोष्ट घोकून घेई आणि दुसऱ्या दिवसापासून तसं वागायला लागे.

प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाच्या विधीला, येण्याआधी ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याशी मिटवून यावं, असं अनसूयाबाईंनी एका बुधवारी शिकवलं. गुरुवारी गोजरबाई कामावर नव्हती. पाण्याच्या हंड्यावरून जावेशी तीन वर्षांपूर्वी भांडण झालं होतं, ते मिटवायला ती चालत कुंभारीला गेली होती. वर्गातल्या बायका हसल्या. एक म्हणाली, "अगं, तेवढ्यासाठी गावाला कशाला जायचं? मनातल्या मनात मिटवायचं असतं."

"मनातल्या मनात भांडले न्हवते की," गोजरबाई म्हणाली.

अनसूयाबाईही हसल्या होत्या. असा विद्यार्थी मिळाला याचा त्यांना अभिमान वाटला. येशूनं आपल्यावर इतकं प्रेम केलं, मग त्यानं सांगितलेलं आपण ऐकू नये का, असा गोजरबाईचा साधा हिशोब होता. पढलेल्या माणसाला वाटतं तसं ओझं तिला त्याचं वाटत नसे. भाकरी करावी तसं ती ते करी.

बाप्तिस्मा झाला आणि ती रावजीला आणायला कुंभारीला गेली. जोतीरामने तिला अंगणात बसवलं. पाणी वरून ओतून दिलं. तो वाईट माणूस नव्हता.

"वैनी, तुमी तिकडं गेला. गेला तर गेला," तो म्हणाला. "पर पोराला न्हेऊ नका. हितं त्याचं रान हाय. तितं काय हाय? हितं ऱ्हायला तर भावकी त्याला ताटावर घेंल, उद्या पोरगी देंल. किरिस्ताव आई मागं हाय म्हणून कळलं तर कुनी दारात उबं करायचं न्हाय."

गोजरबाई आतल्या दाराकडे पाहत होती.

"त्याला म्या सांगणार, आई मानमोडीत गेली; ल्हान हाय, इसरंल, आन गाव बी तसंच म्हणंल. तुमी परत यायचं न्हाय. आन कंदी कुटं गाठ पडली, तर म्या तुजी आई म्हणायचं न्हाय. कुणापाशीच म्हणायचं न्हाय. घाला तुमच्या देवाची शपत."

"शपत घालत न्हाय आमी," ती म्हणाली. "शब्द देते."

पोर तेव्हा आत निजलेलं होतं. त्याला उठवलं नाही.

त्या संध्याकाळी ती अनसूयाबाईंच्या दारात उभी राहिली. झालेलं सगळं सांगितलं आणि विचारलं, "बाई, म्या गप बसले तर खोटं हुतंय का?"

अनसूयाबाई वह्या तपासत होत्या. वर्गात उत्तर द्यावं तसं त्यांनी दिलं. "गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, गोजरबाई. मूल नाही असं मात्र म्हणू नका, ते खोटं होईल. आणि शब्द दिलाय तो देवासमोर दिलाय. तो पाळावा."

"बरं," गोजरबाई म्हणाली आणि गेली.

पाच वर्षांच्या पोराची आई दारात उभी होती, आणि त्यांनी तिला आतसुद्धा बोलावलं नव्हतं. अनसूयाबाईंना हे कळलं ते दोन वर्षांनी, त्यांची स्वतःची मुलगी झाली तेव्हा. अंगावर पाजताना एकदम त्या उत्तराची आठवण झाली. मुलीला घेऊनच त्या दवाखान्यात गेल्या. "मी तेव्हा सांगितलं ते घाईने सांगितलं," त्या म्हणाल्या. "चुकलंच बहुतेक. जोतीरामाशी पुन्हा बोलून बघू या."

गोजरबाईने मुलीच्या कपाळावरून बोट फिरवलं. "आता कसं, बाई? दिऊन बसले की. शब्द मागं घ्यायला मी काय बाजारात गेल्ते?"

ती तसंच वागली. दवाखान्यात, नळावर, उपासनेनंतर चर्चच्या पायरीवर बायका विचारत, "लेकरं किती तुमाला?" ती गप्प राही. नाही म्हणता येत नव्हतं, हो म्हणायचं नव्हतं. बायका आपापल्या परीने अर्थ घेत. बारशाला तिला मागे बसवत. एकदा कोणी डोहाळजेवणातून तिला हळूच उठवलं, तेव्हाही ती उठली आणि मागच्या दारी जाऊन भांडी घासू लागली.

रावजी मराठी सातवी पास होऊन मिलच्या टाइम ऑफिसात लागला, ही बातमी कुंभारीच्या एका भाजीवालीकडून आली. गोजरबाई पुन्हा अनसूयाबाईंकडे. "मिलच्या पाळणाघरात आयाची जागा हाय. तितं काम धरलं तर शब्द मोडतोय का?"

"नाही मोडत," अनसूयाबाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी तिला आत बसवून चहा दिला होता.

दवाखान्यातली चांगली नोकरी सोडून ती मिलमध्ये गेली. कामगार बायकांची तान्ही मुलं सांभाळायची, त्यांना दूध पाजायचं, झोळ्या हलवायच्या. टाइम ऑफिसची खिडकी पाळणाघराच्या समोरच होती. पहिल्याच दिवशी तिने त्याला ओळखलं. बापासारखा डावा खांदा पाडून चालत होता.

ओळख त्यानेच काढली. मोठा बोलका मुलगा होता. जाता येता दारात थांबे.

"काय मावशी, तुमची पलटण आज लई वरडतीया."

"तुमचा भोंगा वाजला की उटतीत बगा."

"भोंग्याचं नगा सांगू. आमचा हेडक्लार्क त्येच्यापरीस मोठ्यानं वरडतोय. तुमच्या येशूला सांगा की जरा त्येचं."

"सांगते. पर तुमी पान खाऊन हितं थुकायचं बंद करा आदी."

अशा गोष्टी ती रविवारी अनसूयाबाईंना सांगे. सांगताना हसे. हसणं थांबलं की पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसे.

एकदा त्याने विचारलंच. "मावशी, लेकरं किती वं तुमाला?" ती गप्प राहिली. त्याचा चेहरा पडला. पोराला वाटलं आपण नको तिथं बोट लावलं. पुढच्या दिवाळीला त्याने चुलतीने केलेले चार लाडू कागदात बांधून आणून दिले. "मी आईवेगळा, तुमी लेकरावेगळ्या," तो म्हणाला. "जमलं की न्हाय आपलं?"

त्या रविवारी गोजरबाई उपासनेला आली, पण प्रभुभोजनाला उठली नाही. अनसूयाबाईंनी नंतर विचारलं, तर म्हणाली, "मन लई ओरबाडलंय. देवावर रागावलेय मी. तसल्या मनानं कसं उटायचं?" पुढच्या खेपेला ती उठली. मधल्या दिवसांत तिने ते कसं मिटवलं, हे तिने सांगितलं नाही आणि अनसूयाबाईंना विचारवलं नाही.

आता रावजीचं लग्न ठरलं होतं. वैशाखात, आणखी नऊ दिवसांनी. मुलगी दुधनीकडची. पाळणाघरातल्या दुसऱ्या आयाबरोबर त्याने दवाखान्यात पत्रिका पाठवली, कोपऱ्यांना हळद लावलेली. बरोबर निरोप होता: मावशीला म्हणावं, पडून ऱ्हायची ही वेळ न्हवं, मांडवात पुढं बसायला पायजे. मावशी इतकी आजारी आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गोजरबाईने पत्रिका उशाखाली ठेवली.

त्या संध्याकाळी अनसूयाबाईंनी प्रथमच सगळं नवऱ्याला सांगितलं. शरच्चंद्र एका हायस्कुलात गणित शिकवत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लग्न होऊ दे," ते म्हणाले. "मग सांग."

"मग काय सांगू? पाळणाघरातली मावशी तुझी आई होती, पण आता ती नाही, असं?"

"आणि आत्ता सांगितलंस आणि लग्न मोडलं तर? पंधरा वर्षं त्या बाईने ज्याच्यासाठी तोंड मिटून काढली, ते तू एका दिवसात घालवशील. शिवाय गावात म्हणतील, मिशनवाले पोरगं ओढायला बसलेत."

"म्हणतील."

"एक विचारू? रागावू नकोस. हे तिच्यासाठी करतेस, की तुझ्या मनाला टोचतंय म्हणून?"

 दोन्ही खरं होतं, आणि दुसरं जास्त खरं असेल अशी अनसूयाबाईंना भीती वाटत होती. त्यांनी ताटं उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला शाळेत निरोप आला. गोजरबाई औषध घेत नाही, पाणी घेत नाही, बाईंना बोलवा म्हणते.

झालं होतं ते असं. चंद्रव्वा नावाची नवी नर्स अक्कलकोटकडची. हाताने चपळ, कामाला वाघीण. डॉक्टरीणबाईंच्या फेरीत तिने खाटेचं कार्ड मोठ्याने वाचून दाखवलं. नाव, वय, धर्म, नवरा मयत. "अपत्यं नाहीत," तिने वाचलं. दाखल करून घेताना तिने विचारलं होतं, रोगी बोलली नव्हती, म्हणून तिने तसं लिहिलं होतं. सगळ्यांनी तेच केलं असतं.

अनसूयाबाई खाटेपाशी बसल्या. गोजरबाईचे हात आता काटकीसारखे झाले होते. तिने कार्डाकडे बोट केलं.

"बाई, त्यावर खोटं लिवलंय. खोडा ते."

"खोडते."

"पंदरा वर्सं तेवडं तोंडातनं काडलं न्हाय म्या. आता मरताना माज्या डोक्यावर टांगलंय. वर जाऊन काय सांगू?"

अनसूयाबाई कार्ड घेऊन मेट्रनच्या खोलीत गेल्या. त्यांनी एवढंच म्हटलं की ती ओळ खोडून रिकामी ठेवा. मेट्रन वयस्क, समजूतदार होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"एरवी ठेवली असती," त्या म्हणाल्या. "पण तिचे दिवस भरत आलेत, अनसूयाबाई. कोणाला कळवायचं ते मला माहीत हवं. कोणी नसेल तर नाही लिहायचं. असेल तर नाव लिहा आणि कळवा. आमचा नियम एवढाच आहे. तुम्हाला काही माहीत आहे का?"

"थोडं थांबा," अनसूयाबाई म्हणाल्या.

त्या परत वॉर्डात आल्या. ऊन खिडकीतून खाटेच्या पायथ्याशी आलं होतं. पलीकडच्या खाटेवरची बाई नातवंडांना शेंगा सोलून देत होती.

"गोजरबाई, रिकामं ठेवता येत नाही म्हणतात. रावजीचं नाव लिहू?"

गोजरबाईचा हात उशाखालच्या पत्रिकेपाशी गेला.

"त्याला बोलावू का?"

तिच्या डोळ्यांतून पाणी निघालं आणि कानाच्या पाळीवरून उशीत गेलं.  मग ती म्हणाली, "शब्द म्या दिलाय, बाई. माज्या तोंडानं न्हाय व्हायचं ते."

"आणि माझ्या तोंडाने?"

"तुमचं तुमी बगा." पुढे बोलली तेव्हा तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की अनसूयाबाईंना वाकावं लागलं. "जोतीराम भावजींनी त्याला लई मायेनं वाडवलं. त्यांना कुणी वाईट बोलू नये. एवडं त्याला सांगा. काय सांगाल तवा."

चंद्रव्वा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. गोजरबाईने तिच्या हातून दोन घोट घेतले. "तुजी काय चूक न्हाय, पोरी," ती म्हणाली.

अनसूयाबाई व्हरांड्यात आल्या. वैशाखातलं लग्न डोळ्यांसमोर होतं. दुधनीची ती मुलगी, तिचे आईबाप, मांडव. जोतीरामाचं संतापलेलं तोंड. उद्या तो दवाखान्याच्या फाटकात उभा राहून काय काय बोलेल, आणि त्यातलं कितीतरी खरंच असेल. मुलगा येईलच असंही नव्हतं. मिलमध्ये टेलिफोन केला, तर पंधरा वर्षं आपल्याला फसवलं म्हणून तो रिसीव्हर आपटेल. येईल आणि दारातूनच परत जाईल. एकदा आई गेली म्हणून तो लहानपणी रडून झाला होता. आता तीच पुन्हा जाणार, आणि हे त्याला आपणच सांगणार. नवऱ्याचा प्रश्नही तसाच समोर उभा होता. आपलं मन हलकं होणार नाही, एवढं मात्र त्यांना स्पष्ट दिसत होतं. कोणी काही म्हटलं तरी ते उत्तर पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी आपणच दिलं होतं, वहीवरून डोळे न उचलता, आणि देवाचं नाव घेऊन. गोजरबाईने ते देवाचं म्हणूनच पाळलं. देवाला ते हवं होतं का, हे त्यांना आजही सांगता आलं नसतं. त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं. आता त्यांनी विचारलं, उभ्या उभ्या, कठड्याला धरून. उत्तर ऐकू आलं असं त्या कधी म्हणाल्या नसत्या. फक्त थांबण्याचं एकही कारण त्यांना देवासमोर मांडता येईना.

त्यांनी कार्डावरचं "नाहीत" खोडलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: एक मुलगा. रावजी.

मेट्रनच्या खोलीत कोणी नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून गेले होते. सकाळची गर्दी ओसरली असेल, तो खिडकीशी रिकामा बसला असेल. आधी आपलं नाव सांगायचं, त्यांनी ठरवलं. मग जोतीरामाबद्दल तिने सांगितलंय ते. मग तिचं. लग्नाचं त्याचं त्याने ठरवावं, आपण त्यात एक शब्द घालायचा नाही. तेवढं तरी त्याच्या हातात राहू दे.

त्यांनी टेलिफोन उचलला आणि एक्स्चेंजकडे मिलच्या टाइम ऑफिसचा नंबर मागितला.